लोरेनचं भांडं

शनिवारी सकाळी भांडं रिकामं परत आलं. उत्तरानं दार उघडलं तेव्हा ते पायपुसण्यावर ठेवलेलं होतं, वर कागदी टॉवेलची चौकोनी घडी, नेहमीसारखी. तिनं वाकून नेहमीसारखंच दोन्ही हातांनी ते उचललं. हातांनी वजनाची तयारी केलेली होती आणि वजन नव्हतंच, त्यामुळे हात एकदम वर आले आणि भांड्याची कड हनुवटीला लागली. लागलं काही विशेष नाही. पण अंधारात अजून एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. तिनं टॉवेल उचलून पाहिलं. आत पांढरं, कोरडं, घासून लख्ख केलेलं. शेजारच्या ड्राइव्हवेत वेंडलचा ट्रक नव्हता. व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या त्या गल्लीत सकाळी साडेनऊला बघणारं कोण असणार. समोरचे बंगाली झोपलेले, कोपऱ्यावरची बाई कुत्र्याच्या मागे. तरी तिला वाटलं, सगळ्या खिडक्यांनी पाहिलं. रिकामं भांडं पोटाशी धरून गाउनमध्ये उभी असलेली चौसष्ट वर्षांची बाई. ती पटकन आत आली आणि कुणी मागे लागल्यासारखी कडी लावून घेतली.

भांडं ओट्यावर ठेवलं. मग उपडं करून बघितलं, उगीचच. तळाशी चिकटपट्टी होती, तिच्यावर निळ्या शाईत, गोल गोल अक्षरांत, लोरेन प्रुइट. वेंडलची बायको. उत्तरानं तिला चार-पाचदा कुंपणापलीकडून हात हलवला असेल, तेवढाच. ती गेली त्याला आता पाच वर्षं झाली. पण ते अक्षर उत्तराला पाठ होतं. भांडं घासताना ती चिकटपट्टीला पाणी लागू देत नसे, कडेकडेनं हात फिरवी, एखाद्याच्या जखमेभोवतीनं फिरवावा तसा. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा सुमंत गेला, फेब्रुवारीत, हॉस्पिटलमध्ये, शुक्रवारी ॲडमिट झाला आणि सोमवारी नाही. तेव्हा चौथ्या दिवशी हे भांडं पहिल्यांदा या घरात आलं. मराठी मंडळींचे डबे येतच होते, वरणभात, पोळ्या, पिठलं. आणि दारात हा उंच म्हातारा, टोपी छातीशी धरलेली, हातात गरम भांडं. तो म्हणाला, आमच्याकडे माणूस गेला की हे करतात, मॅम. आत कोंबडी होती. भात, कोंबडी आणि वर चुरलेली बिस्किटं. सुतकाच्या घरात कोंबडी. तिनं थँक यू म्हणून ते घेतलं, गॅरेजमध्ये नेलं, रबरी हातमोजे घालून कचऱ्यात ओतलं आणि भांडं तीनदा घासलं. त्या सगळ्या दिवसांत ती रडली ती तेव्हाच. का ते कळलं नाही. माणसानं रांधलेलं, एवढ्या लांब पायांनी चालत आणून दिलेलं, असं काळ्या पिशवीत.

आणि भांडं रिकामं परत कसं करायचं. आई कराडच्या घरातून शेजारणीची वाटी परत देताना आत निदान साखरेचे चार दाणे टाकायचीच. त्यामुळे चौदाव्या दिवशी उत्तरानं त्यात साबुदाण्याची खिचडी भरून नेऊन दिली आणि हिशेब मिटला असं धरलं. दोन दिवसांनी वेंडल दारात. "हे काय आहे ते मला माहीत नाही, मॅम, पण मी दोन वेळा खाल्लं." भांड्यात पीचचं कॉबलर, फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड. त्याच्याही आईनं त्याला तेच शिकवलं होतं. व्हर्जिनियाच्या पार खालच्या डोंगराळ कोपऱ्यात, जिथं त्याचं गाव होतं, तिथंही भांडं रिकामं परत पाठवणं म्हणजे तोंड फिरवणं. झालं. दोघांपैकी कुणाला थांबताच येईना. उपमा गेला, मक्याचा केक आला. थालीपीठ गेलं, ॲपल पाय आला. हर्नडनमध्ये साउथ, आमचं जुनं दक्षिणेकडचं वळण, आता उरलेलं नाही, तो म्हणायचा, सगळे कॉम्प्युटरवाले आलेत, जे उरलंय ते माझ्या पोर्चवर आहे. आणि मग हळूहळू भांडं द्यायला गेलेली ती त्या पोर्चवर पाच मिनिटं बसू लागली, मग अर्धा तास. दोन खुर्च्या होत्या. एक लोरेनची असणार. त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही, आणि पहिल्या वर्षी ती तिथं टेकून बसली नाही.

एकदा त्यानं शेंगांची भाजी दिली होती. तिला इतकी आवडली की तिनं दोन महिन्यांत तीनदा मागून घेतली, आणि एक दिवस विचारलं, ही धुराची चव कशानं येते. वेंडलचा चेहरा पडला. तो उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मिस उत्तरा, त्यात डुकराची तंगडी असते. माझ्या डोक्यातच आलं नाही की ती भाजी नाही धरायची." चाळीस वर्षं त्यानं गाईघोड्यांचा डॉक्टर म्हणून काम केलं होतं, विताना अडलेल्या गाईच्या मालकाला काय सांगायचं ते त्याला येत होतं, पण तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. उत्तरा घरी आली, बाथरूममध्ये चूळ भरली, आणि आरशात बघता बघता तिला हसू फुटलं. सुमंत असता तर त्यानं पुण्याला फोन करून सगळ्यांना सांगितलं असतं. हसू गेल्यावर जे राहिलं ते मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या भाजीची तिला पुन्हा आठवण येत होती. आज ओट्याशी उभी असताना तिला आठवली ती टोपी. बसल्या बसल्या त्यानं सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं, सांगितलंच नसतं तरी कुणाला कळलं नसतं. पण तो उठून उभा राहिला होता.

गेल्या नोव्हेंबरात ती पोर्चच्या पायऱ्यांवर घसरली. त्यानं तिचं मनगट दोन्ही हातांत घेतलं, अंगठ्यानं एकेक हाड चाचपलं, डोळे मिटून, गाभण जनावराच्या पोटाला कान लावल्यासारखा. "मोडलेलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही घोडी असता तर दोन आठवडे कुरणात सोडलं असतं." ती हसली. त्यानं हात सोडला नाही. तिनं काढून घेतला नाही. झाडांवरून पानं पडत होती, सुटी सुटी, एकेक, आणि कितीतरी पडली. त्या रात्री तिला आई आठवली, जात्यापाशी बसलेली, खुंट्यावरच्या हातानं ते फिरवत ओव्या रचणारी. भावाच्या, बापाच्या, माहेरच्या वाटेच्या. बायकांना जे बोलता यायचं नाही ते पिठाबरोबर बाहेर पडायचं. उत्तराला ओव्या येत नव्हत्या, ती मायक्रोबायॉलॉजी शिकली होती. पण मनगटाला जागच्या जागी कसली तरी लय लागल्यासारखी झाली होती. अनया, मुलगी, सिएटलहून एकदा म्हणाली होती, "मॉम, यू कॅन डेट, यू नो. इट्स ओके." तेव्हा तिनं फोनच ठेवून दिला होता. मुलीनं दिलेली परवानगी अंगावर पाल पडल्यासारखी वाटली होती.

आणि मग गेला रविवार. मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम, मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात. वेंडलला श्रीखंड कुठून येतं ते बघायचं होतं आणि ढोल ऐकायचा होता. तिनंच हो म्हटलं. म्हणताना वाटलं होतं की अडीचशे माणसांत कोण बघतंय. तो आला तो टाय लावून. बूट पॉलिश केलेले. तिनं त्याला ट्रक लांब, कचऱ्याच्या पेट्यांपाशी लावायला सांगितला, म्हणाली तिथून बाहेर पडायला सोपं. आत शिरल्याबरोबर मालिनी. मालिनी आणि चारुदत्त म्हणजे तीस वर्षांची ओळख. सुमंत गेला तेव्हा मालिनी दहा दिवस तिच्या घरी झोपायला येत होती. मालिनीनं तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "अग, हे कोण ग तुझ्याबरोबर? एकदम सिनेमातला शेरीफ." आणि उत्तराच्या तोंडून निघालं, "ते? नेबर आहेत ग. लॉनवाले. शनिवारी येऊन लॉन मो करून देतात. एकटेच असतात बिचारे, म्हटलं जेवायला तरी या." एवढ्यावर थांबली असती तरी. पण तिचे हात उठले आणि त्यांनी हवेत मशीन ढकलून दाखवलं. दोनदा. पुढे, मागे. वेंडल दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण हात कळायला भाषा कशाला लागते.

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सुमंतनंतर गवत गुडघ्यापर्यंत वाढलं, सोसायटीचं पत्र आलं, आणि त्या शनिवारपासून वेंडल खरंच तिचं लॉन कापत होता. खरं होतं ते सगळं. तेच तर. खोटं बोलली असती तर निदान खोटं मागं घेता आलं असतं. मालिनी लगेच त्याच्याकडे वळली, तिच्या त्या मोठ्या, आनंदी इंग्रजीत, की तुम्ही लॉन करता असं ऐकलं, आमचा माणूस यंदा फिरकलाच नाही, आमचं बघाल का. वेंडलनं उत्तराकडे पाहिलं. फार नाही, पापणी लवायला लागते तेवढा वेळ. मग मालिनीला म्हणाला, "येस, मॅम. थोडंफार करतो." आणि कागदी रुमालावर स्वतःचा नंबर लिहून दिला. जेवला. श्रीखंड दोनदा घेतलं. परत येताना ट्रकचं दार तिच्यासाठी उघडून धरलं, वाटेत म्हणाला, ढोल छान होता. बाकी काही नाही. आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती, सिग्नलला कुणी ओळखीचं शेजारच्या गाडीत आहे का ते.

सहा दिवस ती पोर्चवर गेली नव्हती. भांडं त्याच्याकडे होतं, पुरणपोळ्या घालून दिलेलं, पाळी त्याची होती, आणि तिनं त्या पाळीचा आडोसा घेतला होता. येईल, काहीतरी घालून आणेल, मग आपण नेऊन देऊ, मग बसू. माफी मागायला मधे एखादा पदार्थ असला की बरं. आता ओट्यावरचं भांडं काहीच मागत नव्हतं. वेंडलनं तिला मोकळं केलं होतं. ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटते ती मी तुमच्या दारातून उचलून नेतो, मॅम, घासूनपुसून. डोक्यात कुठून तरी शब्द फिरायला लागले, जात्याच्या घरघरीसारखे, आणि तिला ते थांबवता येईनात.

दारी आला कोण, बाई, कसं सांगू नाव
माझ्याच ओठांनी माझं परकं केलं गाव

फोन वाजला. मालिनी होती. "अग, तुझा माणूस आलाय बरं का. नऊच्या ठोक्याला हजर. मी तर बघतच बसलेय, काय काम आहे ग! हायड्रेंजियाच्या झुडपांच्या मुळाशी गुडघ्यावर बसून हातानं गवत काढतोय. आमच्या त्या आधीच्या मेल्यानं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण काय घेणार विचारलं तर सांगतच नाही. म्हणतो, मिस उत्तरांच्या ओळखीचे तुम्ही, त्यांना विचारा. तर तू सांग बाई, तू काय देतेस त्याला?"

उत्तरा ओट्याला धरून उभी राहिली. वेंडलला एकाहत्तर वर्षं झालेली. उजवा गुडघा कधीकाळी एका घोड्यानं लाथ मारून मोडलेला. पोर्चच्या तीन पायऱ्या तो एक हात कठड्यावर ठेवून चढायचा. तो माणूस मालिनीच्या हायड्रेंजियापाशी गुडघे टेकून होता, कारण उत्तरा जे म्हणाली ते खरं ठरायला हवं होतं. ती उघडी पडू नये म्हणून. तिनं दिलेलं काम तो करत होता.

"हॅलो? उत्तरा?"

"मी येते," ती म्हणाली.

"अग, पण नुसता आकडा सांग ना."

गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की गाउनवरच स्वेटर चढवलाय आणि पायात घरातल्या सपाता आहेत. आठ मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंना डॉगवुडची झाडं फुलांनी पांढरी झाली होती. तिनं सुमंतला आठवून पाहिलं, समोर उभा करून, आता काय म्हणशील. पण तो नेहमीसारखा चष्मा कपाळावर सरकवून चष्माच शोधत होता. त्याच्यासमोर तिला कधी लाज वाटली नव्हती, एक दिवसही नाही; पोर्चवरून घरी आल्यावर त्याच्या फोटोकडे ती सरळ बघू शकत होती, कधी कधी दिवसभराचं सांगतही होती. मेलेल्या नवऱ्याची लाज वाटली असती तर ती निदान मोठी लाज झाली असती, तिच्याभोवती काही उभं करता आलं असतं. ही मालिनीची होती. कॅफेटेरियातल्या स्टीलच्या पातेल्यांची, कुजबुजीची, शेरीफ या शब्दाची. अडीचशे माणसांतल्या एकीनं भुवई उंचावली असती, एवढीच. एवढ्यासाठी. लाजेचीच लाज वाटून तिचा चेहरा असा तापला की तिनं खिडकी खाली केली.

मालिनीच्या मागच्या अंगणात मशीन धडधडत होतं. वेंडल पार टोकाला, पाठमोरा, कानांवर आवाज अडवणारे मोठे लाल ठोकळे लावून एकेक सरळ पट्टी कापत चालला होता, थोडा लंगडत. डेकवर चारुदत्त टॅब्लेटवर पेपर वाचत होता. मालिनीनं वरूनच हात केला. "अग, हे कुठल्या अवतारात आलीस?"

"मालिनी, मी तुला रविवारी—"

"काय?"

"रविवारी मी चुकीचं सांगितलं!"

"ऐकू येत नाही ग! मशीन!" मालिनीनं कानाला हात लावून दाखवला.

वर चढून जवळ जाऊन बोलता आलं असतं. चार पायऱ्या होत्या. पण तेवढ्या पायऱ्यांत आपण पुन्हा काहीतरी बेतशीर जुळवू, हे उत्तराला ठाऊक होतं. ती गवतातच उभी राहिली आणि ओरडली. "ते लॉनवाले नाहीत! गुरांचे डॉक्टर आहेत! मी रोज त्यांच्याकडे जाते! संध्याकाळी! दोन वर्षं!" मालिनी अजून कान पुढे करूनच होती. उत्तरानं श्वास घेतला, आणि त्याच क्षणी वेंडलनं गवताची पिशवी रिकामी करायला मशीन बंद केलं. "मला आवडतात ते!"

तीन अंगणांवर ते पसरलं. पलीकडे एक कुत्रं भुंकलं आणि थांबलं. चारुदत्तनं टॅब्लेट हळूच मांडीवर पालथा ठेवला.

वेंडलनं कानांवरचे ठोकळे काढले. "मिस उत्तरा? सगळं ठीक ना?" त्याला काहीच कळलं नव्हतं. तिला ते पुन्हा सांगावं लागणार होतं, त्याच्या भाषेत, सावकाश, या दोघांच्या देखत. ओली पाती सपातांच्या आत शिरून तळव्यांना चिकटली होती. ती म्हणाली की मी यांना तुम्ही कोण ते सांगितलं. म्हणाली की मी रोज येते तेही सांगितलं, आणि का येते तेही. रविवारी सांगायला हवं होतं. सगळं इंग्रजीत म्हणताना प्रत्येक शब्द लॅबमधल्या रिपोर्टसारखा कोरडा येत होता.

वेंडलनं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "मी टाय लावला होता रविवारी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "गाठ कशी मारतात ते विसरलो होतो. व्हिडिओ बघून मारली."

"मी पाहिली होती," उत्तरा म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग अंगणाच्या टोकाकडे बघितलं. "दोन पट्ट्या राहिल्यात, मॅम. तेवढ्या संपवून येतो." आणि कानांवर ठोकळे चढवून दोरी ओढली.

दोन पट्ट्या. तेवढा वेळ तिनं उभं राहायचं होतं, गाउनमध्ये, मालिनीच्या अंगणाच्या मधोमध. जायला कुठं जागा नव्हती आणि गाडीची किल्ली मुठीत होती. तो घाई करत नव्हता. तेवढा त्याचा हक्क होता. ती उभी राहिली.

चारुदत्त डेकच्या कठड्याशी आला. "वहिनी, डॉक्टर आहेत म्हणालात?"

"होते. रिटायर झाले."

"अहो, मी त्यांना मघाशी डँडेलियनचं तण उपटायला लावलं."

"तू जरा गप्प बस," मालिनी त्याला म्हणाली. ती पायऱ्या उतरून आली होती, हातात चहाचा ट्रे, चेहरा असा की त्याचं काय करायचं ते तिचं अजून ठरलेलं नव्हतं. ट्रे तिनं बागेतल्या टेबलावर ठेवला. कप सरळ केले. एकदा वेंडलकडे पाहिलं, एकदा उत्तराच्या सपातांकडे. दहा दिवस आपल्या घरी येऊन झोपलेली ही बाई आता काय म्हणणार, याची उत्तरा वाट बघत होती, आणि तिचे कान जळत होते.

मालिनीनं चौथ्या कपात चहा ओतला. "साखर किती घेतात ते?"

"तीन चमचे," उत्तरा म्हणाली. "त्यांच्या डॉक्टरनं एकच सांगितलाय खरं तर. पण ऐकतील तर शपथ."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. तीस वर्षं मालिनी चारुदत्तबद्दल ज्या आवाजात बोलत आली होती तोच, वैतागाचा, कुणालाही न फसवणारा. मालिनीचा चमचा साखरेत रुतून थांबला. पलीकडे वेंडल पट्टीच्या टोकाला पोचला, मशीन मागे घेतलं, वळला, आणि त्यांच्या दिशेनं चालू लागला. मालिनीनं एक घातला, दोन घातले. तिसरा भरताना ती खाली बघत होती.

"शिगोशीग की सपाट?" तिनं विचारलं.